कोट आणि चीवर : वऱ्हाडातील वस्त्रसन्मानाचा इतिहास

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत बौद्धांची वस्ती आहे आणि तेथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा अथवा निदान तसबीर नाही, असे गाव क्वचितच आढळेल. या प्रतिमेचे रूप आता ठरून गेले आहे. निळा कोट, पांढरा सदरा, गळ्यात टाय, पायात काळे बूट, खिशाला पेन, एका हाती संविधानाचा ग्रंथ आणि दुसऱ्या हाताचे उंचावलेले बोट. त्याच आवारातील विहारात तथागतांची मूर्ती असते आणि तिच्या अंगावर चीवर असते. उपासक एकाच वेळी दोघांना वंदन करतो. चीवर आणि कोट यांत काही विसंगती आहे, असे त्याला कधी वाटत नाही.

विसंगती वाटते ती इतरांना. देशातील सर्वांत दरिद्री समाजाच्या नेत्याने राज्यकर्त्या इंग्रजांचा पोशाख का पत्करला, असा प्रश्न बाबासाहेबांच्या हयातीतच विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. अलीकडे हा प्रश्न आपल्यातीलही काही मंडळी वेगळ्या शब्दांत विचारू लागली आहेत. अपरिग्रह शिकविणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी सुटाबुटाचा सोस का धरावा, असे ते म्हणतात. दोन्ही प्रश्नांना भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. वस्त्र कोणी घालावे, कसले घालावे आणि ते कोणी ठरवावे याचा इतिहास तपासावा लागेल. प्रस्तुत लेखात आम्ही वऱ्हाडच्या भूमीवर उभे राहून तो तपासण्याचा प्रयत्न करीत आहोत.

वस्त्रबंदीची परंपरा

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालादिकांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावेत, असा दंडक सांगितला आहे. हा दंडक केवळ पोथीत राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रेतावरील वस्त्र हा महाराचा हक्क म्हणून मानला जात असे. हक्क या शब्दाची याहून क्रूर थट्टा दुसरी नसेल. हातात घुंगुरकाठी आणि खांद्यावर घोंगडी घेतलेला महार दुरूनच ओळखू यावा, अशी ती व्यवस्था होती. अंगावरील वस्त्र म्हणजे जातीची पाटी होती आणि पाटी बदलण्याचा अधिकार ती वागवणाऱ्याला नव्हता.

ही गोष्ट केवळ जुन्या काळची नव्हे. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी इंदूर परिसरातील बलाई जातीवर लादलेल्या अटींचा वृत्तान्त दिला आहे. १९२८ सालच्या आरंभी वृत्तपत्रात आलेल्या त्या बातमीनुसार, बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटी बांधू नयेत व रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत, त्यांच्या स्त्रियांनी सोन्यारूप्याचे दागिने घालू नयेत, असे गावोगावच्या सवर्णांनी फर्माविले होते. १९३० साली मद्रास इलाख्यातील रामनाद जिल्ह्यात कल्लर लोकांनी आदिद्रविडांवर याच धर्तीचे आठ निर्बंध घातले. पुरुषांनी गुडघ्याखाली अथवा कमरेवर वस्त्र नेऊ नये, कोट, सदरा अथवा बनियन घालू नये, छत्री व वहाणा वापरू नयेत, असे त्यांत होते. ज्यांनी ते मानले नाहीत त्यांच्या झोपड्यांना आगी लावण्यात आल्या.

या यादीत कोटाचा उल्लेख आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. ज्या देशात अस्पृश्याने कोट घालू नये म्हणून गाव एकत्र येत होते, त्या देशात अस्पृश्याने घातलेल्या कोटाला साहेबाची नक्कल म्हणणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

वऱ्हाडचा कापूस, मँचेस्टरचे कापड

वऱ्हाडच्या बाबतीत या कहाणीला आणखी एक धागा आहे आणि तो शब्दशः सुताचा धागा आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. या काळ्या मातीत पिकणाऱ्या कापसावर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे लक्ष होतेच. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाचे मोल एकाएकी वाढले. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली खामगावची शाखा स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुली झाली. अमरावती, अकोला व खामगाव ही नावे मँचेस्टरच्या बाजारात परिचित झाली.

याच प्रदेशात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा एक जुना व्यवसाय होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथात त्याची स्पष्ट नोंद आहे. विलायती कापड येथे स्वस्तात उतरले तर विणकर हातमाग सोडून शेतीकडे वळतील आणि कापूस अधिक मिळेल, असा हिशेब त्या काळच्या इंग्रज कापूस-अधिकाऱ्यांनी उघडपणे मांडला होता. तो बराचसा खराही ठरला. माग बंद पडले. विणणारे हात कापूस वेचू लागले, सरकी काढण्याच्या कारखान्यात राबू लागले. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर अनेकांनी तिची वाट धरली.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या इंग्रजी व्यापाराने विलायती कापड वऱ्हाडात आणले, त्यानेच येथील महार विणकराचा माग हिरावून घेतला. तेव्हा इंग्रजी राजवट आमच्या उद्धाराकरिता अवतरली, असे मानण्याचे काहीच कारण नाही. बाबासाहेबांनीही तसे कधी मानले नाही. गोलमेज परिषदेत इंग्रजी राज्याने अस्पृश्यांसाठी काय केले, असा सवाल त्यांनी राज्यकर्त्यांच्या तोंडावर केला होता. त्या वेळी त्यांच्या अंगावर विलायती पोशाखच होता. पोशाख घेतला म्हणून गुलामी घेतली असे होत नाही, हे त्यांनी आपल्या वर्तनाने दाखविले.

विलायती पोशाखाचा शिष्टाचार

आता ज्या पोशाखाविषयी एवढा वाद आहे तो मुळात काय आहे, हे पाहू. आपल्याकडील वर्णव्यवस्थेसारखी नसली तरी दर्जानुसार वस्त्र ठरविणारी कायद्याची परंपरा इंग्लंडातही होती. १३६३ सालच्या कायद्याने कोणत्या दर्जाच्या माणसाने किती किमतीचे कापड वापरावे, हे नेमून दिले होते. असे कायदे १६०४ साली रद्द झाले. पुढे १६६६ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारात लांब जाकिटाची पद्धत पाडली आणि त्यातून आजचा वेस्टकोट आला.

परंतु आधुनिक सुटाचे खरे वळण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पडले. त्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो ब्रमेल नावाचा गृहस्थ उमरावकुळातला नव्हता. त्याचे वडील एका मंत्र्याचे खाजगी चिटणीस होते. जरतारी, पावडर लावलेले केसांचे टोप आणि भडक रंग यांना फाटा देऊन त्याने गडद रंगाचा साधा, परंतु अंगाबरोबर बसणारा कोट, स्वच्छ पांढरा सदरा आणि रोजचे स्नान यांवर भर दिला. जन्माने मिळणाऱ्या झगमगाटाऐवजी शिवणीचा नेटकेपणा आणि देहाची स्वच्छता यांना त्यामुळे प्रतिष्ठा आली.

पुढे या पोशाखाभोवती नियमांचे मोठे जाळे तयार झाले. दिवसाच्या समारंभास लांब पुच्छाचा मॉर्निंग कोट, सायंकाळच्या भोजनास काळा डिनर जॅकेट व काळा बो, त्याहून औपचारिक प्रसंगी पांढरा बो, कामकाजाच्या वेळी साधा लाउंज सूट, असा काळवेळेचा विवेक त्यात आहे. वेस्टकोटाची शेवटची गुंडी उघडी ठेवावी, दुहेरी गुंड्यांचा कोट उभे असताना बंद असावा, एकेरी गुंड्यांचा कोट बसताना मोकळा करावा, सदऱ्याची बाही कोटाच्या बाहीतून अर्धा इंच दिसावी, छताखाली येताच टोपी काढावी, हे सर्व त्यातलेच. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याला तर लंडनच्या इन्समध्ये झगा घालून ठरावीक संख्येने भोजनास हजर राहावे लागे. त्याशिवाय त्याची सत्रे पुरी होत नसत. बाबासाहेब ज्या ग्रेज इनचे सदस्य होते तेथेही हीच रीत होती.

हा शिष्टाचार निरागस होता, असे मात्र नाही. राज्यकर्त्यांनी त्याचा उपयोग माणसांत भेद करण्यासाठीही केला. १८५४ साली डलहौसीच्या कारकीर्दीत असा नियम झाला, की युरोपीय पद्धतीचे बूट व मोजे घातलेल्या हिंदी गृहस्थाने सरकारी समारंभात ते काढण्याची गरज नाही, देशी जोडे घालणाऱ्याने मात्र ते बाहेरच काढावेत. या नियमामुळे अनेक प्रतिष्ठित सवर्णांना अपमानित वाटले आणि त्यावर बराच वाद माजला. त्याच काळात गावोगावचा महार सवर्णाच्या दारावरून जाताना वहाणा हातात घेत होता. त्यावर मात्र वाद झाला नाही.

सुभेदारांच्या मुलापासून बॅरिस्टरांपर्यंत

अस्पृश्य समाजाच्या अंगावर प्रथम कोट आला तो सैन्यातून. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. गणवेशाने माणसाला गुंड्यांचा कोट दिला, बूट दिले, ताठ उभे राहण्याची सवय दिली. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ती वाट बुजली. पुढे पहिल्या महायुद्धात थोडा काळ आणि १९४१ साली महार रेजिमेंटच्या स्थापनेने कायमची ती पुन्हा खुली झाली.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या पुस्तिकेत, जी १९९० साली प्रकाशित झाली, १९०१ सालचा एक प्रसंग सांगितला आहे. वडिलांना भेटण्यासाठी भावंडे साताऱ्याहून आगगाडीने निघाली. प्रवासासाठी विलायती बनावटीचे सदरे, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली होती. मसूर स्थानकावर उतरल्यावर स्टेशनमास्तरांनी त्यांचे कपडे पाहून ती ब्राह्मणांची मुले असावीत असे गृहीत धरले आणि आपुलकीने विचारपूस केली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते निघून गेले. पुढे गाडीवान मिळेना, पाणी मिळेना. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावांना त्या रात्री जे कळले, ते पुष्कळांना जन्मभर कळत नाही.

दुसरा प्रसंग बडोद्याचा. अमेरिका व इंग्लंड येथे शिकून १९१७ साली बाबासाहेब बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्वान, सुटाबुटातला अधिकारी, राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात उतरला. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली.

या दोन प्रसंगांचा अर्थ नीट लावला पाहिजे. कोट घातला की जात जाते असा भ्रम बाबासाहेबांना कधीच नव्हता. कोटाची मर्यादा त्यांनी स्वतःच्या अनुभवातून जाणली होती. १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला आणि जवळचा पैसा पुस्तकांवर खर्चला. तरीही परतल्यावर त्यांनी हा पोशाख नीटनेटकेपणाने व आवडीने वापरला. जे वस्त्र नाकारले गेले ते घालणे, ही त्यांच्या दृष्टीने लढ्याची एक पायरी होती. हक्क हाती यायचा तर त्यामागे कायदा, संघटना आणि शिक्षण उभे करावे लागेल, हे ते जाणून होते.

अमरावती, महाड आणि पुन्हा वऱ्हाड

१९२७ सालच्या नोव्हेंबरात, १३ व १४ तारखांना, अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. त्यांचे वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना येथेच कळली, तरी परिषदेचे काम थांबले नाही. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांचा या चळवळीला पाठिंबा होता. देवीच्या गाभाऱ्याचा प्रश्न कायद्याच्या आणि माणुसकीच्या भाषेत विचारणारी नवी पिढी वऱ्हाडात उभी राहत असल्याचे त्या दिवशी दिसून आले.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून केलेले भाषण आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्या, गळ्यातील व हातातील कथलाच्या व चांदीच्या जड दागिन्यांचा भार कमी करा, वस्त्र फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय होता. श्रीमंती पोशाखाचा आग्रह त्यात कोठेही नाही. अंगावरील जातीची पाटी काढा, एवढाच आग्रह आहे. जमलेल्या स्त्रियांनी तेथल्या तेथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

या शब्दांचे पडसाद वऱ्हाडात उमटल्यावाचून राहिले नाहीत. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ज्यांच्या आज्यांना अंगभर वस्त्राचा अधिकार मागावा लागला, त्यांच्यातील एक स्त्री देशभरातून आलेल्या महिलांच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविते, हे पंधरा वर्षांचे अंतर इतिहासात थोडे नव्हे.

पंचा, गोधडी आणि पांसुकूल

बाबासाहेबांच्या सुटाची तुलना गांधीजींच्या पंचाशी नेहमी केली जाते. गांधीजी स्वतः बॅरिस्टर. विद्यार्थिदशेत त्यांनीही लंडनमध्ये उंची विलायती पोशाख केला होता. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरा येथे त्यांनी पंचा स्वीकारला आणि १९३१ साली त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटले. त्यांच्या त्यागाची प्रामाणिकता आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याग हा हाती असलेल्या वस्तूचाच करता येतो. ज्याला पिढ्यान्पिढ्या गुडघ्यावरच्या वस्त्रात ठेवले गेले, त्याने पुन्हा गुडघ्यावर वस्त्र घेतले तर त्याला त्याग कोण म्हणेल? जग त्याला त्याची जागा म्हणेल.

आमच्या वऱ्हाडात याहून बोलके उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून, हाती खराटा घेऊन हिंडले. बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचा परस्परांविषयीचा आदर सर्वश्रुत आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एकाच्या अंगावर चिंध्या आणि दुसऱ्याच्या अंगावर कोट, तरी त्यांच्यात अंतर पडले नाही. कारण गाडगेबाबांनी ‘तुम्हीही चिंध्या घाला’ असे लोकांना कधी सांगितले नाही. मुलांना शाळेत घाला, असे सांगितले. डिसेंबर १९५६ मध्ये चौदा दिवसांच्या अंतराने दोघेही गेले.

गाडगेबाबांची गोधडी पाहिली की विनयपिटकातील पांसुकूल चीवराची आठवण होते. उकिरड्यावरील, रस्त्यावरील आणि स्मशानातील टाकून दिलेली वस्त्रे गोळा करून, धुऊन, जोडून भिक्षू ते तयार करीत. स्वतः तथागतांनी असे चीवर वापरले आणि महाकाश्यपांनी ते त्यांच्याकडून आदराने स्वीकारले. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. प्रेतावरील वस्त्र भिक्षूने उचलले आणि प्रेतावरील वस्त्र महाराला दिले गेले. वस्त्र एकच. एकाच्या बाबतीत ती मुक्तीची खूण झाली आणि दुसऱ्याच्या बाबतीत बंधनाची. भेद कापडात नाही. ते कोणाच्या इच्छेने अंगावर आले, यात आहे.

हा आमचा केवळ तर्क नव्हे. महावग्गाच्या चीवरखंधकात जीवक वैद्याची कथा आहे. त्याने उंची वस्त्र अर्पण केले, तेव्हा भगवंतांनी गृहस्थांनी दिलेले चीवर स्वीकारण्याची अनुज्ञा दिली. ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थांचे चीवर घ्यावे, असा निर्णय झाला. पुढे देवदत्ताने पाच मागण्या केल्या. सर्व भिक्षूंनी आजन्म पांसुकूलच वापरले पाहिजे, ही त्यांपैकी एक होती. भगवंतांनी ती फेटाळली. दारिद्र्याची सक्ती त्यांनी भिक्षूंवरही होऊ दिली नाही, मग गृहस्थांवर ती कोण लादणार? सुटाला अधम्म ठरविणाऱ्या आपल्या मित्रांनी देवदत्ताची ही कथा अवश्य वाचावी.

विनयातील वस्त्राचार

पोशाखाचे शिष्टाचार हे पाश्चात्त्यांचेच वैशिष्ट्य आहे, अशीही एक समजूत आहे. पातिमोक्खातील पंचाहत्तर सेखिय नियमांचा आरंभच वस्त्रापासून होतो. अंतर्वस्त्र सर्व बाजूंनी सारखे नेसावे, उत्तरासंग सर्व बाजूंनी सारखा पांघरावा, लोकवस्तीत जाताना अंग नीट झाकलेले असावे, असे ते नियम आहेत. शिवलेले वस्त्र परके, हा आक्षेपही विनयापुढे टिकत नाही. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवंतांनी तशा आकृतीचे चीवर करता येईल काय, असे आनंदांना विचारले आणि आनंदांनी कापडाचे तुकडे कापून, जोडून, शिवून ते तयार केले. भिक्षूच्या अंगावरील चीवर आजही त्याच आखणीचे असते.

विनयाने वस्त्राचा हेतूही सांगितला आहे. थंडी, ऊन, वारा, डास यांपासून रक्षण आणि लज्जानिवारण, एवढाच तो हेतू. त्यात नीटनेटकेपणा आहे, स्वच्छता आहे, प्रसंगाचे भान आहे. मिरविणे नाही. विलायती शिष्टाचारातून मिरविणे वजा केले तर जे उरते ते विनयाच्या फार जवळचे आहे, असे आमचे मत आहे.

प्रसंगाचे हे भान बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दाखविले. आयुष्यभर सूट वापरणारा हा महापुरुष त्या दिवशी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून दीक्षेला उभा राहिला. लाखो लोक शुभ्र वस्त्रांत आले होते. पाली वाङ्मयात गृहस्थ उपासकाला शुभ्रवस्त्रधारी म्हटले आहे, हे येथे लक्षात घ्यावे. संसदेत आणि न्यायालयात कोट, धम्मदीक्षेला शुभ्र वस्त्र, घरी साधा सैल पोशाख. कोणत्या ठिकाणी कोणते वस्त्र, हे त्यांनी स्वतः ठरविले. तो अधिकार हेच त्यांच्या पोशाखाचे खरे सार होय.

पुतळ्यातील कोट

बाबासाहेबांचा कोट पुढे शिल्पात स्थिरावला. २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात शिल्पकार वाघ यांनी घडविलेल्या त्यांच्या पुतळ्याचे राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झाले. गावोगावच्या मूर्तिकारांनी त्याला निळा रंग दिला. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता आणि तो निळा रंग समाजाच्या मनात रुजलेला होता. बाबासाहेबांचे प्रत्यक्ष वापरातील कपडे व वस्तू नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात आणि पुण्याच्या सिंबायोसिसच्या स्मारकात जतन केल्या आहेत.

या पुतळ्यांत आमच्या मूर्तिकारांनी विलायती शिष्टाचारात एक मोठी दुरुस्ती केली आहे. कोटाच्या छातीवरील खिशात रुमाल असावा, असा साहेबांचा संकेत. आमच्या पुतळ्यांच्या खिशात पेन असते. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याने रुमालाची जागा पेनाला दिली. हा बदल कोणी सुचविला नाही, तो समाजाच्या गरजेतून झाला. नक्कल करणारा समाज अशी दुरुस्ती करीत नसतो.

आजचे कर्तव्य

१४ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी देशाच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. या पदावर येणारे ते पहिले बौद्ध. दारापूरसारख्या खेड्यातून आलेल्या दादासाहेब गवईंच्या या पुत्राच्या अंगावर न्यायासनाचा तोच काळा झगा आणि तीच पांढरी पट्टी होती, जिचे मूळ इंग्रजी न्यायालयांत आहे. परंतु ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात त्यांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न झाला आणि त्या वेळी सनातनाच्या नावाने घोषणा दिल्या गेल्या. हे कृत्य करणारा इसम वकिलीच्याच व्यवसायातील होता. सरन्यायाधीशांनी विचलित न होता कामकाज पुढे चालविले.

या घटनेत मसूर आहे आणि बडोदेही आहे. सर्वोच्च पदाचा झगाही जातीच्या द्वेषाला अडवू शकत नाही, हे तिने दाखविले. शीलावाचून झगा व्यर्थ आहे, हेही दाखविले, कारण जोडा उचलणाऱ्यालाही तोच काळा कोट घालण्याचा अधिकार होता. आणि शांतपणे पुढचे प्रकरण ऐकणाऱ्या न्यायाधीशाने त्या वस्त्राचा खरा शिष्टाचार कोणता, हे देशाला दाखविले.

शेवटी आपल्या समाजाशी दोन शब्द बोलणे आम्हास कर्तव्य वाटते. वऱ्हाडात लग्ने वैशाख-ज्येष्ठात होतात. अकोल्याचा पारा तेव्हा पंचेचाळीस अंशांकडे धावत असतो. त्या उन्हात थंड मुलखासाठी जन्मलेला जाड सूट, तोही उसनवारीने शिवलेला, नवरदेवाने घालावा आणि त्याच्या बापाने पुढील हंगामापर्यंत कर्ज फेडावे, यात बाबासाहेबांचा कोट कोठेच नाही. थंडी आणि ऊन यांपासून रक्षण हा वस्त्राचा हेतू विनयाने सांगितला आहे. कर्ज काढून शिवलेला सूट हा हेतूही साधत नाही आणि मनाला निर्भयही करीत नाही. ज्या जमिनीत कापूस पिकतो, त्या जमिनीतील माणसाला सुती कोटाची लाज वाटू नये. कोट सुती असो वा लोकरी, नवा असो वा रफू केलेला, तो स्वच्छ असावा आणि स्वकष्टाचा असावा.

मात्र कोणी गावगुंड आपल्या तरुणाला कोट, बूट अथवा घोडा यांवरून अडवू लागला, तर तेथे काटकसरीचा उपदेश करू नये. तेथे कायद्याने व संघटनेने त्या तरुणाच्या पाठीशी उभे राहावे. कोट घालायचा की नाही, हे त्या तरुणाने ठरवावे. गावाने ठरवू नये, बाजारानेही ठरवू नये. भगवंतांनी देवदत्ताला दिलेल्या उत्तराचा आणि बाबासाहेबांनी महाडच्या स्त्रियांना केलेल्या उपदेशाचा आम्ही लावलेला अर्थ हाच आहे.